देवघरातली निळी बाटली

सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्विकासाला जाण्यापूर्वी तिथल्या जुन्या वस्तूंची नोंद करण्याचे काम माझ्याकडे आले होते. तांब्यापितळेची भांडी दुपारपर्यंत आटोपली. उरलेला दिवस देवघरातल्या एका निळ्या बाटलीत गेला, आणि ती अजून मनातून जात नाही.

बाटली सहा बाजूंची, वीतभर उंच, तोंडाला बूच आणि आत गंगाजल. "तळेगावच्या पैसा फंडाच्या कारखान्यातली आहे, सासरे सांगायचे," वाड्यातल्या आजी म्हणाल्या. लोकांकडून पैसा-पैसा जमवून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने १९०८ साली सुरू झालेल्या त्या काच कारखान्याची एखादी बाटली हाती लागावी, अशी माझीही फार दिवसांची इच्छा होती.

काच मात्र वेगळे सांगत होती. साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटणारी रेघ, खांद्यावरून मानेवर चढून ओठाच्या खालीच विरली होती आणि ओठावर आडव्या, गोल फिरलेल्या बारीक रेघा होत्या. म्हणजे अंग साच्यात फुंकून झाल्यावर ओठ कारागिराने हत्यार फिरवून वेगळा घडवला होता. पूर्णपणे यंत्रावर झालेल्या बाटलीची शिवण थेट ओठाच्या कडेपर्यंत जाते. एवढ्यावरून तळेगाव बाद होत नव्हते, कारण हातकामाच्या बाटल्या आपल्याकडेही होत. निर्णय दिला तो तीन बाजूंवरच्या उभ्या कंगोऱ्यांनी आणि 'नॉट टु बी टेकन' या उठावाच्या अक्षरांनी. विषारी द्रव आणि बाहेरून लावायची औषधे ब्रिटनमध्ये अशा गडद निळ्या किंवा हिरव्या, खरबरीत बाटल्यांतून विकत, म्हणजे रात्री अंधारात चुकून हात पडला तरी बोटांना धोका कळावा. काही विक्रेते याच बाटल्यांची लेबले घासून काढतात आणि त्या अत्तराच्या म्हणून खपवतात. त्यात वस्तूची साक्षच पुसली जाते, आणि ही गोष्ट मला कधीच क्षम्य वाटलेली नाही.

सासऱ्यांनी त्या अक्षरांचा अर्थ 'कोणी घेऊन जाऊ नये' असा लावला होता, म्हणून बाटली कधी घराबाहेर गेली नव्हती. मूळ अर्थ 'पोटात घेऊ नये' असा आहे, हे मी सांगितले.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, यांच्या तोंडात शेवटचे दोन थेंब मी यातलेच घातले."

काच द्रव शोषून घेत नाही, स्वच्छ धुतलेल्या बाटलीत जुने काही मागे राहत नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले, आणि ते खरेच आहे. तरी 'ब्रिटिश, औषधाची बाटली' एवढेच सांगून मला थांबता आले असते; तेही खोटे ठरले नसते.

आमच्या नोंदपत्रकात 'उपयोग' या रकान्याला एकच ओळ दिलेली असते, जणू वस्तू जन्मभर एकाच कामाला येते. त्या ओळीत मी 'विषारी किंवा बाह्योपचाराचे द्रव' असे लिहिले. आजींनी चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाल्या, "पुढे गंगाजल लिहा." ओळीत जागा नव्हती, मी ते समासात लिहिले.