मोठ्या मुलांचा क्लबफूट: चाकूआधी प्लास्टर

क्लबफूट म्हणजे जन्मतः आत आणि खाली वळलेलं पाऊल. मूल पाच-सहा वर्षांचं झालं म्हणजे प्लास्टरची वेळ गेली, हा समज अजून पुसला जात नाही. पोन्सेटी पद्धतीची, म्हणजे पाऊल थोडं थोडं वळवत टप्प्याटप्प्याने बदलायची प्लास्टरं या वयातही घालावीत. पाऊल पूर्ण सरळ झालं नाही, तरी पुढचं ऑपरेशन लहान होतं.

पाऊल लवचीक आहे, पण चालताना आत वळतं? मग टिबियालिस अँटिरियर हा नडगीपुढून येणारा स्नायुबंध पावलाच्या मध्यभागातल्या, बाहेरच्या बाजूच्या क्युनिफॉर्म हाडात बसवतात. ते हाड एक्स-रेत दिसू लागलेलं हवं, म्हणजे साधारण अडीच-तीन वर्षांनंतर. नंतर ६ आठवडे प्लास्टर. ताठ पावलात हे करून उपयोग नाही.

ताठ पाऊल एका झटक्यात सरळ केलं, तर आतल्या बाजूची आखडलेली कातडी ताणली जाऊन काळी पडते, जखम उघडते. म्हणूनच मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींची 'जेस' चौकट कामाची. तारा हाडात, सांगाडा बाहेर, आणि पाऊल हळूहळू ताणायचं. आतल्या बाजूला दर ६ तासांनी पाव मिलिमीटर ताण, बाहेर दर १२ तासांनी तेवढाच. बाहेरची बाजू आधीच लांब असते ना! ताण वाढला की बोटं आत वळतात, त्यांना झोळीचा आधार लागतो. तारांभोवती रोजची सफाई टाळली की पू ठरलेला. चौकट निघाल्यावर प्लास्टर आणि मग स्प्लिंट. घरचे कंटाळतात ते इथेच, आणि पाऊल पुन्हा वळतं.

घोट्याखालचे तीन सांधे कायमचे जोडण्याचं ऑपरेशन वाढ संपत आल्यावरच, साधारण बाराव्या वर्षानंतर. आधी केलं तर पाऊल आणखी आखूड राहतं.