जो प्राणी नाहीच, तो चुकतो कसा?

"तुम्ही काढता ते प्राणी जगात कुठेच नाहीत. मग त्यांत चूक काय नि बरोबर काय, हे ठरवतं कोण?" शाळांमध्ये बोलायला गेले की हा प्रश्न येतोच. लग्नकार्यात येतो, आणि परवा अलिबागच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका निवृत्त गुरुजींनीही तोच विचारला. विज्ञानकथांचे नि अद्भुतकथांचे सिनेमे आणि गेम यांच्यासाठी प्राणी घडवणं हा माझा व्यवसाय. परग्रहावरचे, पाताळातले, कधीच न जन्मलेले प्राणी. गुरुजींचं उतरायचं ठिकाण आलं आणि उत्तर अर्धवट राहिलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

पहिल्यांदा ठरवतं ते वजन. एखादा प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर त्याचं वजन आठपट होतं. पण ते वजन पेलणाऱ्या हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हे हाडांची आकृती काढून दाखवलं आहे. म्हणून हत्तीचे पाय हरणासारखे सडपातळ नसतात, आणि घराएवढा कोळी सुतासारख्या पायांवर उभा केला की तो खोटा वाटतो. उडणाऱ्या प्राण्याचंही तसंच. पक्ष्याचे पंख हेच त्याचे हात. चार पाय आणि वर दोन पंख द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण ते पंख हलवणारे स्नायू बसणार कुठे? कोंबडीच्या छातीतलं मधलं उभं हाड आठवा. ते तेवढं मोठं असतं ते या स्नायूंसाठीच. प्रेक्षकाने यातलं काही शिकलेलं नसतं. पण त्याने जन्मभर गाई-म्हशी, कुत्री, कावळे पाहिलेले असतात. चाल खोटी पडली की त्याला खटकतं. काय खटकलं हे मात्र सांगता येत नाही.

मी रेवदंड्याला राहते. "मुंबईत का नाही?" असंही विचारतात. काम इंटरनेटवरून येतं आणि जातं, हे एक कारण. दुसरं कारण खाडीत आहे. ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांमधल्या चिखलात निवट्या बाहेर पडतात. निवटी मासाच, पण पाण्याबाहेर पुढच्या परांवर अंग रेटत चालते, चिखलावर उड्या मारते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि अंग ओलं असेल तोवर कातडीतूनही श्वास घेते. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर. ते कोरडे पडायला लागले की खाली खोबणीत ओढून घेते, ओले करते, पुन्हा वर काढते. एका गेमसाठी पाण्यातून जमिनीवर येणारा प्राणी हवा होता. मागणीत "भयंकर दिसला पाहिजे" एवढंच लिहिलेलं. मी शिंगं-सुळे बाजूला ठेवले आणि आधी विचारलं, हा बाहेर आल्यावर श्वास कसा घेणार? त्या उत्तरातून गळ्याखालच्या पाणी धरणाऱ्या घड्या आल्या, सतत ओली राहणारी कातडी आली, आणि मध्येच आत ओढले जाणारे डोळे आले. सगळ्यांना भीती वाटली ती त्या डोळ्यांचीच.

तसंच बोंबलाचं. वाळत घालताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर टाकतात. गाठ नाही, दोरा नाही. जबडा उघडून आत बोट फिरवा. दात बारीक, सुईसारखे, आतल्या बाजूला वळलेले. हे दात तुकडे करायचे नव्हेत, आत आलेलं बाहेर सुटू नये म्हणून आहेत. मुशीचे, म्हणजे शार्कचे दात याच्या उलट, कापायचे. प्राण्याला नुसते मोठे दात देऊन भागत नाही, तो भक्ष्य गिळतो की फाडतो हे आधी ठरवावं लागतं. मग जबड्याची बिजागरी डोळ्याच्या किती मागे न्यायची तेही ठरतं. बाजारात मी मासे उलटेपालटे करत बसते, तेव्हा मावशी विचारते, "बाय, घेनार का नुसती बघनार?" मी दोन्ही करते.

आणि आपल्याकडे या कलेची परंपरा नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला मी पेणला घेऊन जाईन. लहानपणी मे महिन्यात मी तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसायची. माणसाच्या धडावर हत्तीचं शिर बसवायचं, आणि पाहणाऱ्याला जोड जाणवू द्यायचा नाही. किती अवघड काम आहे! तिथले काका शाडूवर हात फिरवत सांगायचे की मान आखूड ठेव, खांदे रुंद घे, एवढं डोकं पेलायचंय त्यांना. कान असे पसरायचे की मान आणि खांदा जिथे मिळतात तिथला सांधा त्यांच्या सावलीत जातो. सोंड कपाळातूनच उतरत आली पाहिजे, नाकाच्या जागी चिकटवल्यासारखी नको. शेवटी डोळ्यांची आखणी. पुढे परदेशी शिक्षकांकडून ऑनलाइन शिकले, तेव्हा तेच नियम नव्या नावांनी भेटले. अमेरिकेतल्या टेरिल व्हिटलॅच यांनी 'स्टार वॉर्स'साठी प्राणी घडवले. त्या मुळात प्राणिशास्त्र शिकलेल्या. मला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही.

रोजचं काम थोडक्यात सांगते. आधी नुसत्या काळ्या आकृत्यांची पानंच्या पानं. त्यातली एखादी पसंत पडते. मग सांगाडा, स्नायू, कातडी, आणि झेडब्रश किंवा ब्लेंडर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय शिल्प. पुढे ते शिल्प पडद्यावर हलवणाऱ्या-चालवणाऱ्यांच्या हाती जातं. बरंचसं काम करारामुळे वर्षानुवर्षं कुणाला दाखवता येत नाही, आणि पैसे कधी वेळेवर येतात, कधी रखडतात. घरात हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"आता संगणक एका वाक्यात राक्षस काढून देतो, मग तुमचं काय?" हाही प्रश्न हल्ली येतो. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'साठी फिल टिपेट बाहुल्या हलवून डायनोसॉर चालवणार होते. संगणकावरचे डायनोसॉर आले आणि ते काम गेलं. पण प्राणी वजन कुठल्या पायावर टाकतो, वळताना मान आधी जाते की खांदा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठीच त्यांना ठेवून घेतलं आणि त्या कामात त्यांचाही ऑस्करमध्ये वाटा होता. काळजी मलाही आहे, आणि ती खरी आहे. सोपी कामं कमी होताहेत. पण मिळालेल्या चित्रातल्या राक्षसाचा कोपर कुठल्या दिशेला मुडपतो, हे विचारायला अजून माणसालाच बोलावतात.

ज्या मुलांना यात यायचंय ती मला आपली चित्रं पाठवतात. बहुतेकांत जबडा वासलेला, नखं परजलेली, डरकाळी फोडणारा प्राणी असतो. त्यांना मी एकच सांगते: हाच प्राणी झोपलेला काढून पाठवा. सहा पाय आहेत ना, मग ते कुठे दुमडतो? शिंगं जमिनीला टेकतात की तो मान कुशीवर टाकतो? पाठीवर काटे आहेत, तर कूस कशी बदलतो? आणि जाग आल्यावर आधी कुठला पाय रोवून उठतो, तेही शेजारी काढा.