मैदानांची मोजणी

माझ्या वडिलांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. छत्तीस वर्षे त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या जमिनींची मोजणी केली, हद्दीच्या खुणा दाखवल्या आणि भावाभावांच्या भांडणात मधे उभे राहून नकाशे उलगडले. त्यामुळे कोणतीही मोकळी जागा दिसली की तिचे क्षेत्र किती, ती कोणत्या अंगाने तिरकी आहे आणि तिच्या कडेला रस्ता आधी आला की भिंत, हे प्रश्न त्यांना पडतातच. 2025च्या उन्हाळ्यात ते बॉस्टनजवळ आमच्याकडे राहायला आले, तेव्हा माझ्या बारा वर्षांच्या मुलाने आजोबांना बेसबॉलची गोडी लावण्याचा विडा उचलला आणि त्यातून दहा दिवसांची सहल ठरली. बॉस्टन, बाल्टिमोर, पिट्सबर्ग आणि शिकागो अशी चार मैदाने पाहायची होती, एका बाजूचे अंतर सुमारे अकराशे मैल होते आणि गाडी चालवणारी मी एकटीच होते. प्रत्येक संघाचे हंगामात 162 सामने असतात, पण त्यांतले निम्मेच घरच्या मैदानावर होतात. आपण पोहोचू त्या दिवशी यजमान संघ घरी असेल, अशा तारखा जुळवताना लग्नाचा मुहूर्त काढणे सोपे वाटू लागले.

सुरुवात घरच्याच फेनवे पार्कपासून केली. हे मैदान 1912 सालचे, आज वापरात असलेल्या बेसबॉलच्या मोठ्या व्यावसायिक मैदानांतले सर्वांत जुने. आत शिरताच बाबांची नजर डावीकडच्या त्या अवाढव्य हिरव्या भिंतीवर गेली. मुलगा उत्साहाने सांगू लागला, की हिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणतात आणि तिची उंची 37 फूट 2 इंच आहे. बाबांनी क्षणभर भिंतीकडे पाहिले आणि विचारले, “हिच्या मागं रस्ता आहे का?” होता. लान्सडाउन स्ट्रीट भिंतीला अगदी खेटून जातो, त्यामुळे डाव्या अंगाला मैदान लांबवायला जागाच नव्हती आणि तिथली हद्द होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून, फक्त 310 फुटांवर आली. “आडवी जागा मिळाली नाही म्हणून उभी घेतली,” बाबा समाधानाने म्हणाले. इतरत्र जो फटका सरळ होम रन (बेसबॉलमधला षटकार) ठरला असता तो इथे भिंतीवर आदळून परत येतो, आणि इतरत्र ज्याचा सहज झेल गेला असता तो उंच चेंडू कधीकधी भिंतीवरून अलगद पलीकडे जातो.

याच भिंतीवर एक जुनी शिडी आहे. पूर्वी भिंतीच्या माथ्यावर जाळी होती आणि तीत अडकलेले चेंडू काढायला माणूस या शिडीने वर चढत असे. आता जाळी गेली, तिथे प्रेक्षकांच्या खुर्च्या आल्या, पण शिडी तशीच राहिली आणि तिच्यासाठी एक नियमही राहिला: चेंडू शिडीला लागून मैदानाबाहेर उडाला, तर फलंदाजाला दोन बेस, म्हणजे धाव पुरी करण्याच्या चार थांब्यांपैकी दोन, मिळतात. प्रत्येक मैदानाचे असे स्वतःचे नियम असतात, हे मुलाने सांगितल्यावर बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. “म्हणजे हे वाड्यातलं क्रिकेट आहे!” ते म्हणाले. त्यानंतरच्या दहा दिवसांत त्यांनी बेसबॉलविषयी केलेले हे सर्वांत मोठे विधान होते, आणि मी आजवर ऐकलेले सर्वांत अचूकही.

या खेळाची मजाच अशी, की आतला चौकोन सगळीकडे काटेकोर असतो. एका बेसपासून दुसरा बेस 90 फूट, पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, होम प्लेट 60 फूट 6 इंच. यात इंचाचाही फरक खपत नाही. त्या चौकोनापलीकडे मात्र ज्या गावात जशी जागा मिळाली तसे मैदान पसरले. क्रिकेटमध्येही सीमारेषा कमीजास्त असते, पण तिथे दोरी उचलून पुढेमागे करता येते. इथे रस्ता, नदी, गोदाम आणि शेजाऱ्याचे घर हीच हद्द असते. 1958 नंतरच्या मैदानांत दोन्ही कडांना निदान 325 फूट अंतर असावे असा एक नियम पुढे झाला खरा, पण 1992 साली उघडलेल्या बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्‌समध्ये उजवीकडचे अंतर 318 फूटच आहे. “नियमित करून घेतलं असणार,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात मला सरकारी नोकरीची सगळी वर्षे ऐकू आली.

बाल्टिमोरला त्या उजव्या अंगाला रेल्वेचे जुने विटांचे गोदाम आहे, हजार फुटांहून लांब आणि रुंदीला जेमतेम 51 फूट. ते पाडण्याऐवजी मैदानाने त्याला आपल्या कुशीत घेतले, आणि गोदाम व मैदान यांच्यामधला युटॉ स्ट्रीट हा रस्ता सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांना फिरायला मोकळा ठेवला. या रस्त्यावर जिथे जिथे होम रनचा चेंडू येऊन पडला, तिथे तिथे जमिनीत पितळी खूण बसवली आहे. हद्दीच्या दगडांत आयुष्य गेलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? बाबा सामना सुरू होईपर्यंत वाकून त्या खुणाच वाचत होते. डाव्या अंगाची कथा आणखी रंजक निघाली. होम रन फार होतात म्हणून 2022च्या हंगामाआधी यजमानांनी डावीकडची भिंत 26 फुटांपर्यंत मागे नेली आणि उंचही केली, आणि मग फारच कमी होतात असे वाटून 2025च्या हंगामाआधी तिचा काही भाग पुन्हा पुढे आणला. “आमच्याकडं बांध हातभर सरकला तर तीन पिढ्या कोर्टात जातात,” बाबा भडंग खात म्हणाले. पारदर्शक पिशवीतून घरचा खाऊ आत नेऊ देणाऱ्या या मैदानाविषयी माझे मत तेव्हाच अनुकूल झाले होते.

पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांतून पिट्सबर्गला पोहोचायला चार तासांहून अधिक लागले आणि त्या प्रवासाविषयी पावसाखेरीज सांगण्यासारखे काही नाही. पिट्सबर्गचे पीएनसी पार्क मात्र पाहताक्षणी माणसाला गप्प करते. मैदानाच्या उजव्या कडेने अलेगेनी नदी वाहते, पलीकडे शहराच्या उंच इमारती दिसतात आणि दोहोंना जोडणारा पिवळा पूल सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद असल्याने माणसे चालत येतात. पुलाला रॉबर्टो क्लेमेंटे याचे नाव आहे. पोर्तो रिकोहून आलेला हा खेळाडू 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. त्या हंगामाअखेर त्याच्या नावावर बेस मिळवून देणाऱ्या बरोबर 3000 हिट्‌स होत्या. तो मैदानाच्या उजव्या बाजूला उभा राहत असे आणि त्याचा क्रमांक 21 होता, म्हणून तिथली भिंत 21 फूट उंच आहे. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले, पण या वेळी काही बोलले नाहीत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांशी 2008 साली करार केला तो याच संघाने, हे मुलाने आठवणीने सांगितले. ते दोघे सर्वोच्च पातळीपर्यंत पोहोचले नाहीत, तरी आजोबांनी त्यांची नावे वहीत लिहून घेतली.

होकायंत्राचा उद्योगही तिथेच सुरू झाला. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे दुपारचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही, अशी शिफारस नियमांतच आहे. ईशान्य म्हटल्यावर बाबांनी लगेच फोन काढला. पिट्सबर्गचे मैदान आग्नेयेकडे तोंड करून निघाले. नदी आणि शहर दिसावे म्हणून तसे केले, असे मी सांगितल्यावर “मग ठीक आहे,” अशी त्यांनी त्याला मान्यता दिली.

शिकागोचे रिग्ली फील्ड 1914 सालचे, आणि ते चक्क वस्तीत आहे. भिंतीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे घरे, आणि घरांच्या गच्च्यांवर तिकीट काढून बसलेले लोक. शेजाऱ्यांचा विरोध हे एक मोठे कारण असल्याने इथे 1988 सालापर्यंत दिवे नव्हते. दिव्यांच्या प्रकाशातला पहिला सामना त्या वर्षी 8 ऑगस्टच्या संध्याकाळी सुरू झाला आणि पावसाने धुऊन नेला. मैदानाच्या कडेच्या विटांच्या भिंतीवर 1937 साली लावलेला वेल आहे. चेंडू त्या पानांत अडकला, तर क्षेत्ररक्षकाने दोन्ही हात वर करायचे आणि फलंदाजाला दोन बेस द्यायचे. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचाच होतो. परंतु इथे पाहुण्या संघाचा होम रन झेलणाऱ्याने तो मैदानात परत फेकायचा, असा लोकांचाच दंडक आहे. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने असा चेंडू डोळ्यांत पाणी आणून परत फेकला, तेव्हा आसपासची सगळी माणसे तिच्यासाठी उभी राहिली.

त्या रात्री हॉटेलच्या टेबलावर बाबांनी वहीत चारही मैदानांचे नकाशे काढले. आतला चौकोन एकच, बाहेरच्या रेघा चार तऱ्हांच्या, आणि प्रत्येकावर उत्तरेचा बाण. मग कोणी न सांगता त्यांनी पाचवा नकाशा काढला. वाईचा आमचा जुना वाडा, मधे चौक, कोपऱ्यात विहीर, पारिजातक, तुळशीवृंदावन, आणि समोर वरच्या मजल्यावरची एक खिडकी. मुलगा वाकून बघू लागला. विहिरीच्या कठड्याला लागला तर दोन धावा, पारिजातकात अडकला तर तो चेंडू पुन्हा, वृंदावनाला लागला तर खेळ बंद.

“आणि खिडकीत गेला तर, आजोबा?”

“आउट. आणि ज्यानं मारला त्यानंच मागायला जायचं.”