चुकीच्या वेगावर बारावा नंबर

रविवारी दुकान बंद असतं, फोन मात्र बंद ठेवता येत नाही. लॅमिंग्टन रोडवर बाबांनी सुरू केलेलं रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आता मी चालवते. जुनी मशीन बाळगणारी माणसं सुट्टीच्याच दिवशी ती लावायला बसतात, त्यामुळे बिघाडही रविवारीच उघडे पडतात. फेब्रुवारी संपत आला होता. साडेअकराच्या सुमाराला दादरच्या हिंदू कॉलनीतून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"ताई, सुई गेलीय बहुतेक. जॉर्जचा आवाज जाड येतोय. घरी सगळे जमलेत आणि कार्यक्रम अडलाय. येता का?"

मागे रेकॉर्ड चालू होती आणि फोनवरसुद्धा कळत होतं की हे सुईचं दुखणं नाही. सुई झिजली की आवाज फाटतो, 'स' आणि 'श' खरखरतात. आवाज जाड होतो तो वेग पडल्यावर. हत्यारांची पिशवी घेतली आणि ग्रँट रोडहून दादरची लोकल पकडली.

बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ चा. त्याच्या आसपासच्या रविवारी त्याच्या चाहत्यांची ही मंडळी या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे काकांकडे, जमतात. निवृत्त बँकवाले, एक दाताचे डॉक्टर, वसईहून येणारी कॉलेजातली एक मुलगी, आणखी दोघे-तिघे. या वर्षी त्यांनी जॉर्जच्या बाराही स्टुडिओ अल्बमना क्रम लावायचं ठरवलं होतं, १९६८ च्या 'वंडरवॉल म्युझिक'पासून त्याच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये आलेल्या 'ब्रेनवॉश्ड'पर्यंत. नियम कडक होते. अल्बम सालाप्रमाणे लावायचे आणि प्रत्येकाची निदान एक बाजू पूर्ण ऐकायची. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, पंखा बंद, खिडक्या बंद. मग प्रत्येकाने पहिल्याला बारा गुण, दुसऱ्याला अकरा, असं करत शेवटच्याला एक गुण द्यायचा. मला हे फार आवडलं. लोक गप्पांमध्ये आवडते अल्बम सांगून मोकळे होतात, आणि इथे घामाघूम होऊन पुन्हा ऐकून ठरवायला माणसं बसली होती.

काकांचं मशीन नवं होतं, म्हणजे त्यांच्याकडे नवं. मुलाने अमेरिकेहून आणलेलं सत्तरच्या दशकातलं बेल्ट ड्राइव्ह, पट्ट्याने फिरणारा जड प्लॅटर (रेकॉर्डखालची थाळी), लाकडी बैठक, काय देखणं! सोबत ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. मी वेगाचं नाव काढताच काका म्हणाले, "वेग परफेक्ट आहे, हे बघा." प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांची रांग असते आणि शेजारी छोटा निऑन दिवा. वेग बरोबर असला की त्या दिव्यात ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. ते थांबलेलेच होते, अगदी ठाम.

आणि तरीही मशीन चुकत होतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते त्याला, हात लावत नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. या जातीची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, म्हणून ती इथे सहात पाच या हिशोबानेच फिरणार. ३३⅓ फेऱ्यांच्या जागी मिनिटाला २८ सुद्धा पुऱ्या होत नाहीत आणि सूर तीन अर्धस्वरांहूनही जास्त खाली उतरतो. मग ठिपके स्थिर कसे? ते ठिपके ६० हर्ट्झसाठी आखलेले आणि दिवाही त्याच विजेवर लुकलुकणारा. जितकी मोटर मंदावली तितकाच दिवाही मंदावला. दोघांनी मिळून एकच चूक केली, की साक्ष खरीच वाटते. मी माझं ५० हर्ट्झचं १८० रेघांचं कार्ड प्लॅटरवर ठेवलं आणि दिवा धरला. रेघा भराभर मागे पळाल्या. डॉक्टर उठून वाकून बघायला आले.

खरा उपाय म्हणजे मोटरची पुली बदलणं. आपल्याकडे ती साधारण वीस टक्के जाड लागते. पण रविवारी लेथवाला कुठून आणायचा? पिशवीत हीट-श्रिंक स्लीव्ह होती, वायरिंगवर चढवून तापवली की आकसून घट्ट बसते ती. पुलीवर एक थर चढवला, मग दुसरा, आणि कार्ड ठेवून पाहिलं. रेघा अजून मागे सरकत होत्या, पण आता सावकाश. बेल्टही घसरून खाली येत होता, कारण पुली मध्ये किंचित फुगीर असावी लागते, त्यानेच बेल्ट मधोमध राहतो. मग फक्त मधल्या भागावर एक पातळ पट्टी चढवली. रेघा थांबल्या. ही मलमपट्टी आहे, आठवड्यात पितळेची पुली करून बसवू, हे काकांना बजावून सांगितलं.

थांबलेली रेकॉर्ड होती 'ऑल थिंग्ज मस्ट पास', १९७० चा तीन तबकड्यांचा अल्बम. त्याचा पहिला नंबर या खोलीत कधीच वादाचा नव्हता. मी सुई ठेवली आणि जॉर्ज आपल्या आवाजात गाऊ लागला. सगळ्यांचे चेहरे खुलले. वसईच्या मुलीने तर टाळ्या वाजवल्या आणि लगेच नियम आठवून हात खाली घेतले.

तेवढ्यात माझी नजर टीपॉयवरच्या कागदाकडे गेली. पेन्सिलीने कच्चा क्रम लिहिला होता. अकरावा 'इलेक्ट्रॉनिक साउंड', बारावा 'वंडरवॉल म्युझिक'.

"हे दोन्ही सकाळी याच मशीनवर ऐकलेत?"

"हो, सालाप्रमाणे."

"आणि तेव्हा आवाज जाड वाटला नाही?"

कोणीच काही बोललं नाही. मलाही ते विचारून झाल्यावरच नीट उमगलं. 'ऑल थिंग्ज मस्ट पास'चा सूर उतरलेला यांना पहिल्या ओळीत कळला, कारण तो अल्बम यांच्या अंगात भिनलेला आहे. 'वंडरवॉल'ची अख्खी बाजू तितकीच खाली उतरून वाजली आणि एकाच्याही कानाला खटकलं नाही. म्हणजे तो यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. बारावा नंबर पूर्वीच्या यादीतून चालत आलेला होता आणि आज फक्त पुन्हा लिहिला गेला होता.

बँकवाले म्हणाले, "ताई, ते सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे. जॉर्ज त्यात गातसुद्धा नाही."

गात नाही हे खरं. एरवी दुरुस्ती झाली की पैसे घेऊन मी निघते, गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीत पडत नाही. पण त्या दिवशी मी पडले. मुंबईत बसून हा अल्बम न ऐकता शेवटचा ठरवायचा, हे मला सहन होईना. कारण त्याचा मोठा हिस्सा इथे झालाय. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज मुंबईला आला आणि फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्याने रेकॉर्डिंग केलं. स्टुडिओत तेव्हा मोनो मशीनच होतं, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. त्या काळी असलं मशीन म्हणजे काय वजन असेल, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. स्टुडिओ ऑफिसांच्या वर, साउंडप्रूफिंग नाही. जॉर्जने नंतर सांगितलंय की बारकाईने ऐकलं तर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, आणि संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजाने काम थांबवावं लागायचं.

याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीतही इथेच वाजवून घेतलं गेलं. त्यावर जॉर्ज लंडनला जाऊन गायला आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना' या बीटल्सच्या सिंगलच्या (छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जने लिहिलेलं पहिलं गाणं ते. आणि 'वंडरवॉल म्युझिक' हा तर बीटल्सपैकी कोणाचाही पहिला स्वतंत्र अल्बम, बीटल्सच्या स्वतःच्या अ‍ॅपल रेकॉर्ड्स कंपनीचाही पहिला अल्बम. हे सगळं त्या खोलीत निम्म्यांना माहीत होतं. १९६६ मध्ये तो मिशी वाढवून, खोट्या नावाने ताजमध्ये उतरला होता, रविशंकरांकडे सतार शिकायला, आणि तरी ओळखला गेला, हेसुद्धा डॉक्टरांनी रंगवून सांगितलं. माहिती सगळी होती. ऐकणं तेवढं राहिलं होतं.

"अर्धा तास द्या," मी म्हटलं. "पहिल्यापासून लावू. मग हवा तर बारावाच ठेवा."

काकांनी पंखा बंद केला.

पहिल्याच तुकड्यात सनई येते. वेग योग्य असला की सनईला जी धार असते ती सकाळी कोणाच्या कानावर पडलीच नव्हती. उतरलेल्या वेगावर ती घशात अडकल्यासारखी वाजली असणार. संतूरचं त्याहून वाईट होतं. संतूरचा सगळा जीव कलमाच्या (तारांवर मारायच्या काडीच्या) पहिल्या टिपेत असतो, आणि वेग पडला की ती टीप बोथट होते. 'इन द पार्क' सुरू झाल्यावर शिवकुमार शर्मांचं संतूर खोलीत पसरलं, तेव्हा बँकवाले हनुवटीवरचा हात काढून सरळ बसले. मी कव्हर त्या मुलीच्या हातात दिलं. त्यावर वादकांची नावं आहेत, तिकडच्यांनी ऐकून लिहिलेल्या स्पेलिंगांत. विनायक व्होरांची तारशहनाई (नावात शहनाई, पण गजाने वाजवायचं तारवाद्य), रिजराम देसाद, बासरीला एस. आर. केंकरे. सूरबहार वाजवणारे म्हणजे आपले चंद्रशेखर नारिंग्रेकर.

बाजू संपली तेव्हा काकांच्या आई दारात उभ्या होत्या, नव्वदीच्या घरातल्या. सकाळपासून आतल्या खोलीत बसून त्यांनी हे सगळं सहन केलं होतं.

"हे मघाचंच का रे?"

"हो आई, तेच."

"मघाशी आजारी होतं ते." त्यांनी मुलीला नावं वाचायला लावली आणि खुर्ची ओढून बसल्या. "केंकरे, नारिंग्रेकर! म्हणजे आमच्या बाजूची माणसं. दुसरी बाजू लावा."

नियमात एकच बाजू होती, पण आजींपुढे नियम कोण सांगणार? दुसऱ्या बाजूवर 'क्रायिंग' आलं, व्होरांची तारशहनाई. एवढासा तुकडा आहे, दोन मिनिटंही नाहीत, पण गजाखालून माणूस हुंदके देतोय असं वाटतं. ते चालू असताना कुठेतरी हॉर्न वाजला. मुलीने डोळे मोठे केले आणि रेकॉर्डकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकी बंद होती, खरं तर. आम्ही तो भाग पुन्हा लावून पाहिला, तरी दोघांचं एकमत झालं नाही.

मग नव्याने गुण द्यायची वेळ आली. बँकवाल्यांनी 'वंडरवॉल' दहाव्या जागेवर ठेवला आणि सरळ सांगितलं, "वाद्यं सुंदर, पण तुकडे फार. एक रंगात येतो तोवर दुसरा सुरू." हे मी मान्य केलं. अल्बममध्ये एकोणीस तुकडे आहेत, लंडनचे आणि मुंबईचे एकमेकांत मिसळलेले, आणि जोड काही ठिकाणी खरोखर दिसतो. असं कारण देऊन कोणी दहावा म्हटलं तर माझी काहीच तक्रार नाही. मुलीने त्याला पाचवा नंबर दिला, 'क्लाउड नाइन'च्याही वर, आणि त्यावरून जो गदारोळ झाला तो मी इथे पुरा सांगू शकत नाही. 'क्लाउड नाइन' १९८७ चा, त्यातल्या गाण्याने अमेरिकेत पहिला नंबर गाठलेला. डॉक्टरांचं तारुण्य त्या अल्बमवर उभं आहे.

मला निघायला उशीर झाला होता, तरी 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'पर्यंत थांबले. १९७३ चा हा माझा सगळ्यात लाडका, 'ऑल थिंग्ज'पेक्षाही. 'ऑल थिंग्ज'मध्ये निर्माता फिल स्पेक्टरने वाद्यांची इतकी गर्दी केलीय की चांगल्या स्पीकरवरही जॉर्ज मागे उभा राहून गातोय असं वाटतं. इथे तो समोर येऊन बसतो, आणि त्याच्या स्लाइड गिटारची एकेक मींड वेगळी दिसते. माझं मत कोणी मागितलं नव्हतं, मी दिलं. काकांनी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं.

'थर्टी थ्री अँड अ थर्ड' लागला की मला फोन करून कळवा, असं मी सांगून ठेवलं. नावातच एलपीचा वेग असलेला अल्बम त्या पुलीवर नीट चालतो की नाही, हे मला ऐकायचं होतं. मी पिशवी आवरत होते, तेवढ्यात आतापर्यंत गप्प बसलेल्या एका गृहस्थांनी हात वर केला.

"मग 'इलेक्ट्रॉनिक साउंड'वरही अन्यायच झाला की. तोही उतरलेल्या वेगावरच ऐकला."

बरोबर होतं त्यांचं. १९६९ चा तो अल्बम म्हणजे मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावरचे दोन लांबलचक प्रयोग, एक बाजू पंचवीस मिनिटांची. सकाळी ती तीस मिनिटं चालली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बँकवाल्यांनी कपाळाला हात लावला, डॉक्टर उठून पाणी प्यायला गेले. आजी मात्र खुर्चीवरून हलल्या नाहीत.

"लावा," त्या म्हणाल्या. "त्याला एक न्याय आणि याला दुसरा, असं चालायचं नाही."

मी पिशवी खाली ठेवली, तबकडी पुसली आणि वेग पुन्हा एकदा कार्डावर तपासून सुई टेकवली.