वाळूजहून परदेशी ग्राहकाला एएसएन पाठवताना

वाळूज एमआयडीसीतून कंटेनर निघाला की त्याच दिवशी मालाची आगाऊ सूचना, म्हणजे एएसएन, ग्राहकाच्या सिस्टिममध्ये पोचावी लागते. आमचा युरोपातला ग्राहक ती एडिफॅक्ट या व्यापारी संदेशांच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या डेसॲडव्ह, म्हणजे माल रवाना झाल्याच्या, संदेशात मागतो आणि एएस२ वरून, म्हणजे इंटरनेटवरून सुरक्षितपणे फाइल पाठवायच्या पद्धतीने, घेतो. जोडणीसाठी दोन्हीकडची सर्टिफिकेटं अदलाबदल केली आणि आमचा स्थिर आयपी त्यांच्या फायरवॉलमध्ये नोंदवून घेतला.

पहिली ठेच लागली ती इथेच. रस्ता खोदताना फायबर तुटली की राउटर ४जी डोंगलवर जातो, बाहेर दिसणारा आयपी बदलतो आणि समोरचा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. दुसऱ्या लाइनचाही स्थिर आयपी घ्या आणि आधीच कळवून ठेवा. एमडीएन, म्हणजे फाइल मिळाल्याची पोच, सिंक्रोनस मागा. ती त्याच कनेक्शनवर परत येते, तिच्यासाठी वेगळं पोर्ट उघडावं लागत नाही.

खरा वेळ गेला तो फाइलमध्ये. एडिफॅक्टमध्ये प्लस घटक वेगळे करतो, कोलन उपघटक, आणि अपॉस्ट्रॉफीने सेगमेंट, म्हणजे संदेशातली एक नोंद, संपतो. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, ‘पिन + वॉशर’ असं नाव असलं की वॉशर पुढच्या घटकात जाऊन बसतो. अशा चिन्हाआधी प्रश्नचिन्ह टाकायचं: ?+ असं. प्रोग्रॅममध्ये आधी नावातलीच प्रश्नचिन्हं दुप्पट करा, मग बाकीची चिन्हं घ्या. क्रम उलटला तर आपणच घातलेली प्रश्नचिन्हंही दुप्पट होतात. संदेश यूएनएच सेगमेंटने सुरू होतो आणि यूएनटीने संपतो. यूएनटीमधल्या सेगमेंटच्या संख्येत यूएनएच आणि खुद्द यूएनटी धरायचे. बाहेरच्या पाकिटाचे यूएनबी आणि यूएनझेड नाही.

पत्त्याची एक ओळ ३५ अक्षरांची. प्लॉट, ब्लॉक, एमआयडीसी, वाळूज हे सगळं एका ओळीत मावत नाही, तोडावंच लागतं.

पॅलेटच्या एसएससीसीने, म्हणजे प्रत्येक पॅलेटच्या वेगळ्या ओळख नंबरने, तर सगळ्यात जास्त छळलं. तो १८ अंकी असतो, एक्सेल अंकांत १५च जपतं आणि पुढचे तीन शून्य करून टाकतं. मधली सीएसव्ही कुणी ‘जरा बघतो’ म्हणून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, की लागोपाठच्या सगळ्या पॅलेटचा नंबर एकच. कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करा, आणि पाठवण्याआधी तपासणी अंक पुन्हा काढा: पहिल्या १७ अंकांना आळीपाळीने ३ आणि १ ने गुणून बेरीज करा, ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेणारा अंक तोच अठरावा.

एमडीएन आली म्हणजे फाइल पोचली आणि उघडली, एवढंच. तिची रचना बरोबर आहे का हे ग्राहकाकडून उलट येणारा ‘कंट्रोल’ नावाचा संदेश सांगतो. ऑर्डर नंबर किंवा नगांची चूक ॲपेरॅक या दुसऱ्या उत्तरी संदेशात कळते, तीही ग्राहक तो पाठवत असेल तरच. म्हणून डिस्पॅचच्या स्क्रीनवर हिरवा दिवा कंट्रोल आल्यावरच लागतो. दोन तासांत लागला नाही तर मला फोन करायचा, फाइल पुन्हा पाठवायची नाही.