तुम्ही विचारलंत म्हणून: खाडीच्या पाण्यात जात कुठून आली?

खाडीच्या प्रदूषणाविषयी मी कुठे बोललो की नंतर चहाच्या वेळी कोणीतरी, बहुधा सुट्टीला आलेले चाकरमानी, जवळ येऊन सौम्यपणे विचारतात, ‘‘गुरुजी, पाणी सगळ्यांचंच खराब होतं, मग मध्ये जात आणि वाड्या कशाला आणता?’’ प्रश्न खोडसाळ नसतो. विचारणाऱ्याच्या घरामागे बहुतेक वेळा स्वतःची विहीर असते. माझ्याही आहे, आणि म्हणूनच नोकरीची पहिली काही वर्षे मलाही हा प्रश्न रास्त वाटत असे.

आमच्या गावात वरच्या अंगाला देऊळ, पालखी टेकवायची सहाण आणि आमची वाडी आहे; पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरत गेले की बौद्धवाडी लागते आणि खाडीला अगदी टेकून मासेमारी करणाऱ्यांची भोईवाडी. ही मांडणी कोणत्याही कारखान्याने केलेली नाही, ती आमच्या पूर्वजांची. परंतु औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी पावसाच्या आडोशाने पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडले जाऊ लागले, तेव्हा ते त्याच मांडणीप्रमाणे खाली उतरत गेले. बौद्धवाडीच्या विहिरीवर तवंग दिसू लागला, खाडीच्या चिखलात मेलेले मासे पांढरी पोटे वर करून पडले, आणि आमच्या विहिरीला काहीच झाले नाही. टँकर पाखाडी उतरू शकत नसल्याने तो आमच्या घरासमोर थांबे आणि खालच्या बायका तिथे हंडे घेऊन रांग लावत. आमची विहीर वीस पावलांवर होती, काठोकाठ भरलेली. ती सर्वांना खुली करावी असे मी घरात सुचवले, तेव्हा एक वडीलधारे म्हणाले, ‘‘टँकर येतोय ना त्यांच्यासाठी?’’ कोणी कोणाला अडवले नाही, अपशब्द काढला नाही. मीही पुढे बोललो नाही, हे इथे सांगितले पाहिजे.

पाण्याची ही गोष्ट कोकणाला नवी नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्यावे लागले. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, दावे झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले ते अंतर मला आज पर्यावरणाच्या कायद्यांतही दिसते. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. हा हक्क आमच्या भोईवाडीलाही आहेच. मात्र तो मागायला गेले की पहिला प्रश्न येतो कागदाचा.

मासे मेले त्या वर्षी पंचनाम्याची मागणी घेऊन भोईवाडीतल्या एक वहिनी माझ्यासोबत कार्यालयात आल्या होत्या. आमची आंब्याची कलमे वादळात पडतात, तेव्हा तलाठी सातबारा पाहून झाडे मोजतो. खाडीत पाग, म्हणजे फेकजाळे, टाकणाऱ्याच्या, किंवा ओहोटीला कालवे फोडणाऱ्या आणि मुळे, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या बाईच्या नुकसानीला मात्र असा उतारा कुठून आणायचा? टेबलापलीकडून मालकीचा पुरावा मागितला गेला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘खाडीला सातबारा नाय, म्हंजे आमचं नुकसान पन नाय?’’ रायगडातल्या कित्येक कातकरी वाड्यांची गत याहून वाईट आहे, कारण त्यांच्या घरांखालची जमीनच दुसऱ्याच्या नावावर असते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांच्याकडेच जमिनीचा कागद मागणे, यात जात आणायला मला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

आता लोकशाहीचे. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यमापनाविषयीच्या सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते, तिची तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि शेवटी लोकांचे म्हणणे सभेतच वाचून दाखवावे लागते. तरतूद चांगली आहे. पण तिला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे कोणीही न आले तरी सुनावणी झालीच. आमच्याकडच्या सुनावणीत पुढच्या खुर्च्यांवर गावकीचे मानकरी आणि ठेकेदार होते, मागे उभ्याने बायका. वहिनींचा क्रमांक येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. त्या चार मिनिटे बोलल्या: कोणत्या महिन्यात कोणता मासा मिळेनासा झाला, कोणत्या भरतीला पाण्याचा रंग कसा होतो. तितकी नेमकी माहिती त्या मांडवात दुसऱ्या कोणाकडेही नव्हती. मग रात्री गावात मुक्कामाला जाणाऱ्या एसटीची, वस्तीच्या गाडीची, वेळ झाली म्हणून त्या आणि सगळ्याजणी निघून गेल्या, आणि म्हणणे वाचून दाखवले गेले ते रिकाम्या खुर्च्यांपुढे. ‘एका महिलेने मासेमारीबाबत शंका उपस्थित केली’, एवढेच वाक्य.

बोलू न देण्याचा मार्गही आमच्या जिल्ह्याला अपरिचित नाही. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात नोंदवले आहे की २००७ ते २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते. तो अहवालही सरकारने बराच काळ दडवून ठेवला. पण मला त्या आदेशांपेक्षा ते एक वाक्य अधिक अस्वस्थ करते, कारण आदेशाविरुद्ध न्यायालयात जाता येते; नाव, वाडी आणि माहिती गाळून ‘एक महिला’ केलेल्या बाईने कुठे जायचे?

पुढच्या सुनावणीआधी वहिनी माझ्याकडे आल्या आणि त्यांनी निवेदन लिहून घेतले, महिनावार, माशांच्या नावांसह. शेवटी मी त्यांचे नाव लिहून थांबलो. ‘‘गुर्जी, भोईवाडी लिवा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याबिगर त्यांना कलायचा नाय, पानी खय येतंय.’’ कार्यालयात शिक्का मारलेली पोच त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत घडी न घालता ठेवली आणि आम्ही वस्तीच्या गाडीसाठी स्टँडवर आलो.