इमा पारे? बोस्नियातल्या कोळसा-रेल्वेच्या वर्कशॉपात चार दिवस

बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा: बोस्नियात वाफेच्या इंजिनांचे फोटो काढायला ग्रुपने गेलात, तर वर्कशॉपच्या दिवशी ग्रुपबरोबर जेवायला जाऊ नका. डबा न्या, बिस्किटं खा, उपाशी राहा, पण अकराच्या सुमाराला शेडमधून पाय काढू नका. का, ते पुढे येईलच.

बोस्नियाच्या ईशान्येला तुझला शहर आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी: लुकावात्सच्या बाजूला लिग्नाइट, बानोविचीला त्याहून बरा तपकिरी कोळसा. युरोपात वाफेची इंजिनं बाकी जवळजवळ सगळीकडे म्युझियममध्ये किंवा रविवारच्या जॉयराइडला गेली, तरी इथल्या खाणींनी ती कामावर ठेवली. इंजिन दारात, कोळसा पायाखाली आणि नवीन डिझेल घ्यायला पैसा नाही, मग टाकणार कशाला? लुकावात्सकडे ब्रॉडगेजपेक्षा थोडी अरुंद अशी युरोपची नेहमीची गेज आहे. तिथे जर्मनांनी 1942 ते 1945 मध्ये हजारोंनी काढलेली युद्धकालीन 52 मालिकेची इंजिनं मिळतात. युगोस्लाव्हियाने त्यांना 33 हा क्रमांक दिला. युद्धापुरती चालली तरी पुरे, म्हणून शक्य ते सगळं गाळून बनवलेली ही यंत्रं ऐंशी वर्षांनंतरही टिकून आहेत. बानोविचीला 760 मिलिमीटरची अरुंद गेज आहे, आपल्या माथेरानच्या 610 पेक्षा जरा ऐसपैस. तिथलं 83 मालिकेचं इंजिन 1903 पासून 1949 पर्यंत बनत होतं.

मी जर्मनीत राहतो. माझा मामेभाऊ पुण्याहून महिनाभरासाठी आला होता, त्यालाही ओढलं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, ग्रुप अकरा जणांचा, आयोजक तिऱ्हाईत देशातला. पत्रकात लिहिलं होतं: चार दिवस, दोन वर्कशॉप, तीन इंजिनं वाफेवर. माणशी 890 युरो. विमान वेगळं हे माहीत होतं, दुपारचं जेवणही वेगळं हे तिथे गेल्यावर कळलं.

तीन इंजिनांपैकी वाफेवर एक होतं. दुसरं थंड, आणि तिसरं उघडून ठेवलेलं: बॉयलर लाकडी ठोकळ्यांवर, चाकं शेडच्या दुसऱ्या टोकाला, नळ्या उपसून भिंतीशी रचलेल्या. भाऊ म्हणाला, "दादा, हे म्हणजे तीन मोदक सांगून एक वाढला, एक कालचा दिला, आणि एकाची पारी आणि सारण वेगवेगळं ठेवलं."

माझं मत वेगळं पडलं. वाफेवरचं इंजिन कुठेही बघता येतं. उघडलेलं इंजिन, तेही त्यावर माणसं खरोखर काम करत असताना, आता फार कमी ठिकाणी दिसतं. पत्रकवाल्यांनी तेच मोठ्या अक्षरांत छापायला हवं होतं.

आता उजेडाची गोष्ट. शेडच्या छपराला काचांची रांग आहे, धुराने इतकी काळी झालेली की दिवसभर आत तिन्हीसांजा. पण पूर्वेकडच्या काही काचा फुटलेल्या आहेत आणि फेब्रुवारीत साधारण पावणेअकरा ते साडेअकरा त्यातून ऊन सरळ बॉयलरवर उतरतं. हवेत धूळ, वाफ आणि वेल्डिंगचा धूर असतोच, त्यामुळे तिरीप हातात धरता येईल अशी ठसठशीत दिसते. पहिल्या दिवशी नेमक्या अकराला आयोजकाने टाळ्या वाजवल्या, "चला, जेवायला." कारण रस्त्याच्या पलीकडच्या खानावळीत अकरा माणसांची जागा म्हणे तेव्हाच होती. दोन तास चेवापी (खिम्याचे कबाब), कोबी, परत चेवापी. माणशी 40 बोस्नियन मार्क! मी आणि भाऊ शाकाहारी; आम्ही पाव, कांदा आणि दही खाल्लं, 40 मार्क आमचेही. परत आलो तर शेडमध्ये काळोख, आणि अकरा जण ट्रायपॉड टेकून एकमेकांच्या फ्रेममध्ये.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला जायला साफ नकार दिला. सोबतीला माणूस असल्याशिवाय आत थांबता येणार नाही, असं आयोजकाने सांगितलं, आणि ते बरोबरच आहे. खाणीची हद्द आहे, कुणी क्रेनखाली आला तर जबाबदारी त्यांची. मग खाणीकडून आमच्यासोबत दिलेल्या माणसालाच विचारलं. त्याला जेवणात रस नव्हताच. दोन कॉफ्यांवर काम झालं.

पण शेडच्या मागच्या दाराने आत जायच्या घाईत मी राखेच्या खड्ड्यात गेलो. हा खड्डा नीट ओळखून ठेवा. इंजिनाची राख पाडायला रुळांमध्ये खोदलेली चर असते. ती पाण्याने भरली होती, आणि वर खंगर आणि कोळशाची भुकटी तरंगून अशी साय धरलेली की आजूबाजूच्या जमिनीत आणि तिच्यात काडीचा फरक दिसत नव्हता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. बाहेर उणे सहा. कॅमेरा वर धरला म्हणून वाचला, बुटाचं मात्र दिवसभर बर्फाचं भांडं झालं. वर्कशॉपच्या आवारात रुळांच्या मधून चालायचं नाही, कडेने जायचं. खड्ड्याची कड ओळखण्याची एकच खूण आहे: तिथे स्लीपर दिसेनासे होतात.

तशा ओल्या पायाने पंचवीस मिनिटं मिळाली, आणि सगळ्या दौऱ्याची वसुली त्या पंचवीस मिनिटांत झाली. बॉयलरच्या फायरबॉक्समध्ये, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीत, एक म्हातारा मिस्त्री बसून स्टे तपासत होता. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला जोडून ठेवणारे शेकडो बोल्ट असतात, ते स्टे. एकेकावर छोट्या हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं. टण, टण, टण, आणि मग एखादा भद्द. भद्द वाजला की तो आत तुटलेला, खडूने फुली. हातोडी, कान आणि खडू, याखेरीज एकही उपकरण नाही. माझे वडील परळच्या वर्कशॉपात फिटर होते, त्यामुळे हा आवाज मला वर्णनाने माहीत होता; कानांनी मात्र पहिल्यांदा ऐकला. तिथल्या कारागिराला हाक मारायची "मायस्तोरे", म्हणजे आपलं "मिस्त्री" किंवा "उस्ताद". तेवढा एक शब्द नीट म्हणा, माणूस हसून जागा करून देतो.

आता पैशांचं. स्थानिक भाषेत "पारा" म्हणजे वाफ. "इमा पारे" म्हणजे "वाफ आहे". आणि "पारे" म्हणजे पैसेही. तिसऱ्या दिवशी लाइनवर फोटोसाठी गाडी मागे घेऊन परत जोरात आणायची होती. आयोजकाचा स्थानिक मध्यस्थ येऊन मला विचारतो, "इमा पारे?" मी इंजिनाकडे बघून उत्साहाने मान डोलावली: आहे की, भरपूर! त्याने हात पुढे केला. काळ्या धुरासाठी माणशी 20 मार्क, दर फेरीला. चार फेऱ्या झाल्या. संध्याकाळी ग्रुपमधल्या एका सर्बो-क्रोएशियन येणाऱ्या गृहस्थाने फायरमनला सहज विचारलं, तर त्या पैशांतला एक मार्कही त्याला मिळाला नव्हता. मग मी त्याला वेगळे दिले, ते द्यायलाच हवे होते.

पण मुळात काळ्या धुरासाठी पैसे देणं हा मूर्खपणा आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी आणि कोळसा जास्त, म्हणजे वाईट फायरिंग. चांगला फायरमन तो टाळायला बघतो. आपण पैसे देऊन त्याला वाईट काम करायला सांगतो! थंडीत सिलिंडरच्या कॉकमधून सुटणारी पांढरी वाफ तशीही दहा मीटर फुगते, ती फुकट असते आणि उगवत्या उन्हात धुरापेक्षा दसपट चांगली दिसते. उणे तापमानात जाऊन धूर विकत घेऊ नका.

एक गोष्ट गंमतीची नाही. लाइनच्या कडेला टेकडी दिसली, कोन चांगला दिसला, म्हणून गवतातून वर चढायचं नाही. 1992 ते 1995 च्या युद्धातले भूसुरुंग बोस्नियात अजून आहेत. आमच्यातला एक जण दहा पावलं वर गेला, तेव्हा सोबतचा माणूस ज्या आवाजात ओरडला तो आवाज मी विसरणार नाही. लाल पाटी आणि कवटी दिसली तर प्रश्नच नाही, पण पाटी नसली म्हणजे जागा सुरक्षित असं समजू नका. रूळ, डांबर, वापरातली पायवाट, बस.

बाकी फुटकळ. सारायेव्होहून तुझला बसने तीनेक तास. माझ्या जर्मन निवास परवान्यावर सीमेवर शिक्का मिळाला, भारतातून थेट येणाऱ्यांनी वकिलातीकडे आधी विचारावं. हेल्मेट आणि जाकीट तिथे मिळतात, पण हेल्मेटवर बसणारी हेडलाइट आपली न्या. शाकाहाऱ्यांनी बेकरीत "क्रोम्पिरुशा" मागा, बटाट्याची पापुद्रेवाली वळकटी, गरम असताना अप्रतिम. "बुरेक" मागितलंत तर मांसच येईल. चौथा दिवस सारायेव्होत गेला, छान शहर आहे, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

ग्रुपने जावं का? आयोजकाच्या पत्रकावर, नाही. दोघं-तिघं मिळून खाणीच्या कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी काढा, भाषा येणारा एक माणूस दिवसाच्या पगारावर घ्या. आम्ही दिलेल्याच्या अर्ध्यात होईल, आणि अकरा वाजता कुणी टाळ्या वाजवणार नाही.

एक मार्क साधारण अर्धा युरो. उरलेले परत निघायच्या आधी संपवा, इकडे ते सहसा कुणी बदलून देत नाही. माझ्याकडे अजून 35 आहेत. कुणी जाणार असेल तर घेऊन जा, आणि त्या फायरमनला द्या.